आपल्या माणसाच्या पैशांवर ट्रिब्युनलने व्यवस्थापक नेमला, तर पुढे काय? न्यू साउथ वेल्समधल्या मराठी कुटुंबांसाठी

या लेखात कुणाचंही नाव नाही, गावाचं नाव नाही, आणि नातंही मी मुद्दाम बदललं आहे. न्यू साउथ वेल्सच्या २०१३ च्या सिव्हिल अँड अॅडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रिब्युनल कायद्याचं कलम ६५ सांगतं की पालकत्व (गार्डियनशिप) आणि आर्थिक व्यवस्थापनाच्या प्रकरणातल्या माणसांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. प्रकरण संपल्यावरही ही मनाई उठत नाही. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: ऑर्डरचा फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, फेसबुकवर राग काढू नका.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना मी काका म्हणेन. आयुष्यभर एकेका डॉलरचा हिशोब ठेवणारा माणूस. पक्षाघातानंतर एकच वीजबिल तीनदा भरू लागले, आणि फोनवर कुणी गोड बोललं की कार्डाचा नंबर सांगून टाकायचे. हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करने ट्रिब्युनलकडे अर्ज केला. सुनावणी झाली. काकांच्या पैशांचा कारभार घरच्या कुणाकडे न जाता एनएसडब्ल्यू ट्रस्टी अँड गार्डियन या सरकारी संस्थेकडे गेला. घरात आम्ही चौघं होतो, सगळे शिकलेले, कमावते. ‘आपण असताना सरकार कशाला?’ हे वाक्य त्या आठवड्यात मी किती वेळा ऐकलं आणि म्हटलं, त्याला गणती नाही. त्याच रागात आम्ही अपील केलं, आणि पुढे ते मागे घेऊन दुसऱ्या वाटेने गेलो. नंतर ओळखीच्या दोन कुटुंबांबरोबर मी अशाच फाइली घेऊन बसले. त्यातून जे समजलं ते क्रमाने लिहिते. मी वकील नाही. वकिलाकडे जाण्याआधी तुमच्या डोक्यातला गुंता थोडा सुटावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

१. हातातला कागद नक्की कशाचा आहे ते बघा

न्यू साउथ वेल्समध्ये दोन प्रकारच्या ऑर्डर असतात आणि आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते. गार्डियनशिप ऑर्डर ही माणसाबद्दल असते: तो कुठे राहील, कोणते उपचार घेईल, त्याला कोणत्या सेवा मिळतील. फायनॅन्शियल मॅनेजमेंट ऑर्डर ही पैशांबद्दल असते: बँक, पेन्शन, घर, कर्ज, बिलं. ही दुसरी ऑर्डर निघाली की ज्याच्या पैशांबद्दल ती आहे त्याला कायद्यात ‘संरक्षित व्यक्ती’ म्हणतात आणि पैसे सांभाळणाऱ्याला व्यवस्थापक. व्यवस्थापक घरचा माणूस असू शकतो, नाहीतर एनएसडब्ल्यू ट्रस्टी. हा लेख फक्त या दुसऱ्या ऑर्डरबद्दल आहे.

ऑर्डरच्या पहिल्या पानावर ती कुणी काढली आहे हे वाचा. बहुतेकांची ऑर्डर एनकॅटच्या गार्डियनशिप डिव्हिजनची असते. एनकॅट म्हणजे १ जानेवारी २०१४ पासून सुरू झालेलं राज्याचं एकत्रित ट्रिब्युनल, जुनं गार्डियनशिप ट्रिब्युनल त्यातच विलीन झालं. अशी ऑर्डर राज्याचं सुप्रीम कोर्टही काढू शकतं आणि काही वेळा मेंटल हेल्थ रिव्ह्यू ट्रिब्युनलही. त्या दोघांच्या ऑर्डरीविरुद्धचा रस्ता वेगळा आहे, तिथे पहिल्या दिवशीच वकील गाठा. पुढचं सगळं एनकॅटच्या ऑर्डरीबद्दल आहे.

दोन गोष्टींनी घरोघरी धक्का बसतो. पहिली: काकांनी चार वर्षांपूर्वी सॉलिसिटरकडे जाऊन एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अॅटर्नी (समज गेली तरी चालू राहणारं मुखत्यारपत्र) करून ठेवली होती, ती ऑर्डर निघताच स्थगित झाली. कागद खरा, सही खरी, पण ऑर्डर चालू असेपर्यंत त्याच्या जोरावर बँकेत काही करता येत नाही. करूही नका, ते तुमच्याच अंगाशी येईल. दुसरी: गार्डियनशिप ऑर्डरला मुदत असते, पैशांच्या ऑर्डरीला सहसा नसते. अंतरिम ऑर्डर असेल तर ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची. बाकीच्या ऑर्डरी कुणी अर्ज करून बदलून किंवा रद्द करून घेईपर्यंत चालूच राहतात. ‘वर्षभरात संपेल आपोआप’ असं समजून बसलेलं एक कुटुंब मला भेटलं होतं. त्यांना तिसरं वर्ष लागलं होतं.

२. तुमची तक्रार कशाबद्दल आहे? रस्ते तीन आहेत

इथे सगळ्यात जास्त वेळ घ्या. आमची चूक इथेच झाली.

ट्रिब्युनलने कायदा चुकीचा लावला, तुमची बाजू ऐकलीच नाही किंवा पुराव्यात नसलेल्या गोष्टीवर निर्णय दिला असं वाटत असेल, तर रस्ता अपिलाचा.

निर्णय त्या दिवशीच्या कागदांवर बरोबर होता, पण आता परिस्थिती बदलली आहे, तर रस्ता अपिलाचा नाही. काका बरे झाले असतील, किंवा व्यवस्थापक बदलणं त्यांच्या हिताचं आहे असं दाखवायला तुमच्याकडे आता नवीन काही असेल, तर गार्डियनशिप डिव्हिजनकडेच पुनर्विलोकनाचा अर्ज करायचा. त्यात ऑर्डरच रद्द करून मागता येते, किंवा ऑर्डर ठेवून फक्त व्यवस्थापक बदलून मागता येतो. याला २८ दिवसांचं बंधन नाही.

आणि ऑर्डर मान्य आहे, व्यवस्थापकही मान्य आहे, पण एनएसडब्ल्यू ट्रस्टीने घेतलेला एखादा ठरावीक निर्णय पटत नाही, उदाहरणार्थ घर विकायचं ठरवलं किंवा भारतात जायच्या तिकिटाचे पैसे नाकारले, तर आधी त्यांच्याचकडे अंतर्गत फेरविचार मागायचा. त्यानेही समाधान झालं नाही तर एनकॅटच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह अँड इक्वल ऑपॉर्च्युनिटी डिव्हिजनकडे जायचं. डिव्हिजन वेगळी, फॉर्मही वेगळा.

आमचा राग होता पहिल्या प्रकारचा आणि प्रकरण होतं दुसऱ्या प्रकारचं. सुनावणीच्या वेळी काकांच्या घरावरून दोन नातेवाइकांत बोलाचाली चालू होती आणि ती फोनवर सगळ्यांनी ऐकली. काकांचे पैसे आम्ही कसे सांभाळू, याचा एकही लेखी कागद आम्ही दिला नव्हता. त्या दिवशी समोर जे होतं त्यावर दुसरा कुठला निर्णय झाला असता, असं आज मला वाटत नाही.

३. कॅलेंडरवर २८ दिवस मोजा

एनकॅटच्या अपील पॅनेलकडे अपील करायची मुदत २८ दिवस आहे. निर्णय कळवला तो दिवस किंवा लेखी कारणं मिळाली तो दिवस, यातला जो नंतरचा त्यापासून. निर्णय बहुतेकदा सुनावणीच्या शेवटीच सांगतात आणि कारणांचं पत्र मागाहून येतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो. तरी माझं ऐका: आधीच्या तारखेपासून मोजा आणि त्या हिशोबाने कामाला लागा. पत्र कोणत्या दिवशी मिळालं यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते बरं. पाकीट फेकू नका, ईमेल असेल तर आलेल्या तारखेसह छापून ठेवा.

मुदत हुकली तर त्याच २०१३ च्या ट्रिब्युनल कायद्याच्या कलम ४१ खाली वाढवून मागता येते. पण तेव्हा उशीर किती झाला, का झाला, तुमच्या अपिलात दम आहे का, आणि समोरच्यांचं काय नुकसान होईल, हे सगळं तोललं जातं. ‘आम्ही इंडियात होतो’ एवढंच पुरत नाही. तिकीट, बोर्डिंग पास, तिथल्या हॉस्पिटलचे कागद जोडा.

सुप्रीम कोर्टातही थेट अपील करता येतं. अपील पॅनेल किंवा सुप्रीम कोर्ट, दोन्हींपैकी एकच. कोर्टात हरलेल्या बाजूवर समोरच्याचा खर्च पडण्याची भीती मोठी. अपील पॅनेलपुढे साधारणपणे ज्याचा खर्च त्याने करायचा, खास परिस्थिती असेल तरच वेगळं. सामान्य घरासाठी पॅनेलच बरं.

४. तुम्ही पक्षकार आहात ना?

अपील फक्त पक्षकाराला करता येतं. ज्याच्याबद्दल ऑर्डर आहे तो स्वतः, अर्जदार, जवळचं नातं टिकून असलेला जोडीदार, सांभाळणारी व्यक्ती, पॉवर ऑफ अॅटर्नी ज्याच्या नावावर आहे तो, असे काही जण आपसूक पक्षकार असतात. मुलगा किंवा मुलगी असणं एवढ्याने कुणी पक्षकार होत नाही. आपल्याला हे पचायला जड जातं. तुम्ही सुनावणीला हजर होता, बोललातही, म्हणजे पक्षकार होता असंही नाही. कारणांच्या पत्रात पक्षकारांची यादी असते, ती बघा. नाव नसेल तर जो पक्षकार आहे त्याच्याशी बोला, किंवा पक्षकार करून घेण्याबद्दल वकिलाला विचारा.

आणि संरक्षित व्यक्तीलाही अपिलाचा अधिकार आहे, हे विसरू नका. काकांना काय हवंय ते त्यांनाच विचारायचं, हे त्यांच्या वतीने भांडणाऱ्यांना बऱ्याचदा आठवतच नाही. आम्हालाही उशिरा आठवलं.

५. कारणांचं पत्र पेन्सिल घेऊन वाचा

गार्डियनशिप डिव्हिजन लेखी कारणं देते. हे पत्र तुमच्या अपिलाचा पाया आहे. पहिल्यांदा वाचताना डोळ्यांत पाणी येतं, कारण आपल्या माणसाबद्दल ‘असमर्थ’ असा शब्द त्यात असतो. त्या दिवशी बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसा.

१९८७ च्या गार्डियनशिप कायद्याचं कलम २५जी तीन गोष्टी विचारतं. व्यक्ती आपला आर्थिक कारभार सांभाळू शकत नाही का? तो दुसऱ्या कुणी सांभाळण्याची गरज आहे का? आणि ऑर्डर काढणं त्या व्यक्तीच्या हिताचं आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तरच ऑर्डर निघू शकते. त्यानंतर व्यवस्थापक कोण, हा चौथा प्रश्न कलम २५एम खाली येतो: एखादी योग्य व्यक्ती नेमायची, की एनएसडब्ल्यू ट्रस्टीकडे सोपवायचं. पत्रात या चार प्रश्नांची उत्तरं कुठे आहेत ते शोधा आणि समासात १, २, ३, ४ असे आकडे टाका. कुठला आकडा टाकायला जागाच सापडली नाही, तर तिथे थांबा. तुमचा मुद्दा कदाचित तिथेच आहे.

दुसरा प्रश्न बहुतेक घरांच्या कामाचा असतो. पॉवर ऑफ अॅटर्नी नीट चालली होती, बिलं वेळेवर जात होती, कुणाची तक्रार नव्हती, असा पुरावा तुम्ही दिला होता का? दिला असेल आणि पत्रात त्याबद्दल अवाक्षर नसेल तर ती नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती लिंडसे यांनी २०१५ मध्ये सीजे विरुद्ध एकेजे या प्रकरणात केलेली मांडणी वकील वारंवार सांगतात. व्यक्ती स्वतःचा कारभार बऱ्यापैकी नीट चालवू शकते का, तेही हित जपायला नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हस्तक्षेपाशिवाय, हे बघायचं. म्हणजे नुसता डिमेन्शियाचा दाखला पुरेसा नाही. त्या माणसाचा खरा व्यवहार केवढा आणि तो त्याला झेपतो का, हा प्रश्न आहे. एक पेन्शन, एक खातं, भाड्याचं घर असलेल्या आजींचा आणि तीन फ्लॅट, शेअर व धंदा असलेल्या गृहस्थांचा कारभार सारखा नसतो.

आता याच गार्डियनशिप कायद्याच्या कलम ४ कडे या. मला वाटतं, आपल्या लोकांनी हे कलम कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावं. या कायद्याखाली काम करणाऱ्या प्रत्येकाने काय पाळायचं ते त्यात आहे. व्यक्तीचं हित सर्वांत वर. तिच्या स्वातंत्र्यावर कमीत कमी बंधन. तिचं म्हणणं विचारात घ्यायचं. आणि कौटुंबिक नाती व सांस्कृतिक, भाषिक वातावरण जपण्याचं महत्त्व ओळखायचं. शेवटचं आपल्यासाठी फार मोलाचं आहे. पक्षाघातानंतर काकांचं इंग्रजी जवळजवळ गेलं होतं, मराठी शाबूत होतं. पैशांबद्दल त्यांना काही सांगायचं असेल तर ते मराठीतच सांगणार. हा मुद्दा सुनावणीत तुम्ही पुराव्यासह मांडला होता आणि तो विचारातच घेतला गेला नाही, असं पत्रावरून दिसत असेल, तर कायद्याने बंधनकारक असलेली गोष्ट वगळली, असा तो कायद्याचा मुद्दा होऊ शकतो. आम्ही मात्र तो त्या वेळी मांडलाच नव्हता. जे मांडलंच नाही ते विचारात घेतलं नाही, असं कसं म्हणणार?

६. कायद्याचा मुद्दा आणि परवानगी

कायद्याच्या प्रश्नावर अपील हा तुमचा हक्क आहे. बाकी कुठल्याही कारणासाठी आधी पॅनेलची परवानगी लागते. फॉर्ममध्ये दोन्हींसाठी वेगळी जागा असते.

कायद्याचा प्रश्न म्हणजे काय, याची यादी अपील पॅनेलनेच २०१४ च्या प्रेन्डरगास्ट प्रकरणात दिली आहे. सोप्या मराठीत: कारणं अपुरी असणं, चुकीचा निकष किंवा चुकीचं तत्त्व लावणं, म्हणणं मांडायची न्याय्य संधी न मिळणं, बंधनकारक गोष्ट विचारात न घेणं, गैरलागू गोष्ट विचारात घेणं, काहीच पुरावा नसताना निष्कर्ष काढणं, आणि कुठलाही समंजस निर्णयकर्ता देणार नाही असा निर्णय देणं.

‘तपशील चुकला’ किंवा ‘त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही’ हे परवानगीच्या बाजूला जातं. परवानगी कधी मिळते, हे त्याच वर्षीच्या कॉलिन्स विरुद्ध अर्बन प्रकरणात सांगितलं आहे: प्रश्न तत्त्वाचा किंवा सार्वजनिक महत्त्वाचा असेल, अन्याय अगदी ढळढळीत असेल, वगैरे. निर्णय कदाचित चुकला असेल एवढ्यावर मिळत नाही.

मी पहिला मसुदा लिहिला तो साडेचार पानांचा होता. काकांनी कसं वाढवलं, कोणी किती केलं, कोण दिवाळीलासुद्धा फिरकलं नाही. एका कम्युनिटी लीगल सेंटरमधल्या वकीलबाई तो शांतपणे वाचत गेल्या. मग त्यांनी माझ्याच हातातली पेन्सिल मागून घेतली आणि परिच्छेदामागून परिच्छेदावर हलकी तिरकी रेघ मारत गेल्या. शेवटी पानाच्या तळाशी एक ओळ उरली. ‘आमच्याकडे लेखी योजना आहे का असं आम्हाला कुणी विचारलं नाही.’ त्या ओळीभोवती त्यांनी गोल काढला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “पण ती द्यायचं काम तुमचं होतं.” त्या खोलीत मला पहिल्यांदा समजलं की आपण दुःखाचं अपील करतो आहोत, चुकीचं नाही.

म्हणून फॉर्म भरताना ही पद्धत वापरा. प्रत्येक मुद्दा एका वाक्यात, त्याखाली कारणांच्या पत्रातला परिच्छेद क्रमांक, त्याखाली काय व्हायला हवं होतं. तीन मुद्दे पक्के असतील तर दहा लिहू नका.

७. अपील केलं म्हणून ऑर्डर थांबत नाही

हा सापळा मोठा आहे. पॅनेलकडे अपील दाखल केलं तरी ऑर्डर चालू राहते. व्यवस्थापक खाती ताब्यात घेणार, पेन्शन त्यांच्याकडे वळणार. ऑर्डर थांबवायची असेल तर स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती का हवी ते दाखवावं लागतं. स्थगिती मागताना एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: मधल्या काळात त्यांची बिलं कोण भरणार? त्याचं उत्तर नसेल तर स्थगितीने तुमच्याच माणसाचे हाल होतील. घर विकलं जाण्यासारखी परत न फिरवता येणारी गोष्ट समोर असेल, तर मात्र वाट बघू नका.

या काळात व्यवस्थापकाशी भांडू नका. एनएसडब्ल्यू ट्रस्टीचा माणूस फोन करेल, माहिती मागेल. द्या. कुठली औषधं कुठून येतात, कामवाल्या बाईंना दर आठवड्याला किती द्यायचे, कौन्सिलचा भरणा कधी, हे तुम्हालाच माहीत असतं. सहकार्य केलं म्हणजे ऑर्डर मान्य केली असं होत नाही.

८. फाइलीत काय काय हवं

- ऑर्डर आणि कारणांचं पत्र, मिळाल्याच्या तारखेच्या पुराव्यासह
- सुनावणीची नोटीस आणि त्या वेळी समोर असलेले सगळे कागद: मूळ अर्ज, डॉक्टरांचे व सोशल वर्करचे अहवाल
- सुनावणीचं ध्वनिमुद्रण. एनकॅटकडे मागता येतं. ‘मला बोलूच दिलं नाही’ हा मुद्दा असेल तर याशिवाय पुढे जाऊ नका. नेमकी मिनिटं लिहून तेवढा भाग लेखी उतरवून घ्या
- एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अॅटर्नी, असेल तर
- अपिलाचा फॉर्म. उशीर झाला असेल तर मुदतवाढीची विनंती आणि तिचे पुरावे
- मराठी कागदांचे नाटी-प्रमाणित (नाटी म्हणजे भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणारी ऑस्ट्रेलियातली संस्था) भाषांतरकाराकडून केलेले इंग्रजी अनुवाद. घरच्या माणसाने केलेला अनुवाद कितीही चांगला असला तरी चालवून घेतील असं धरू नका

सगळ्या पानांना क्रमांक द्या, पुढे अनुक्रमणिका लावा. जे पॅनेलला द्याल ते बाकी पक्षकारांनाही द्यावं लागतं, म्हणजे ज्या नातेवाइकाबद्दल लिहिलंय तोही ते वाचणार. लिहिताना हे डोक्यात ठेवा. प्रकरण संपल्यावरही तुम्हाला त्याच माणसाच्या शेजारी बसून काकांचा वाढदिवस करायचा आहे.

नवीन पुरावा आपोआप घेतला जात नाही. नव्याने सुनावणी घेऊन नवा पुरावा बघायचा की नाही, हे पॅनेल ठरवतं. ‘आता आणलाय ना दाखला’ म्हणून जोडलेला कागद बाजूला राहू शकतो. तुमचं सगळं बळ नव्या कागदांत असेल, तर दुसऱ्या मुद्द्यातला पुनर्विलोकनाचा रस्ता पुन्हा एकदा वाचा.

९. सुनावणी

आधी एक छोटी तारीख असते. त्यात कोणी काय कधीपर्यंत द्यायचं ते ठरतं. ती चुकवू नका आणि दिलेल्या तारखा पाळा. वकील न्यायचा असेल तर परवानगी मागावी लागू शकते, हे आधीच विचारून ठेवा. कधी कधी संरक्षित व्यक्तीसाठी ट्रिब्युनल स्वतंत्र प्रतिनिधी नेमायला सांगतं. तो तुमचा वकील नाही. तो काकांच्या हिताचं बोलणार, तुमच्या विरुद्धही बोलू शकतो.

दुभाषा मागा. एनकॅट तो मोफत देतं. ‘आम्हाला येतं की इंग्रजी’ म्हणून दुभाषा नाकारणारी मंडळी मी पाहिली आहेत. ऑफिसातलं इंग्रजी वेगळं आणि आपल्या वडिलांच्या डोक्याबद्दल परक्यांपुढे बोलायचं इंग्रजी वेगळं. काकांसाठी तर हवाच. घरच्यांनी मध्ये मध्ये भाषांतर करायचं नाही, त्यांच्या तोंडचं वाक्य पूर्ण करायचं नाही. आमच्याकडे काका एका प्रश्नावर बराच वेळ गप्प राहिले. मी बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ते स्वतःच म्हणाले, “पैसे कोणीही बघा, पण मला महिन्याचा कागद दाखवा.” इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नव्हतं.

निकालात पॅनेल अपील फेटाळू शकतं, निर्णय बदलू शकतं, रद्द करून स्वतःचा देऊ शकतं, किंवा प्रकरण पुन्हा ऐकायला परत पाठवू शकतं. परत पाठवणं म्हणजे जिंकणं नाही. सगळं नव्याने मांडायचं, आणि त्या वेळी तरी लेखी योजना हातात हवी.

१०. व्यवस्थापक बदलून मागायचा असेल तर

आम्ही शेवटी हे केलं, आणि व्यवस्थापक बदलला. काकांचं ते वाक्य याच सुनावणीतलं. गार्डियनशिप डिव्हिजनला अर्जाची फी नाही. व्यवस्थापक बदलणं संरक्षित व्यक्तीच्या हिताचं आहे, हे दाखवावं लागतं. त्यासाठी आत्ताच्या व्यवस्थापकावर आरोप करावे लागतात, असा समज आहे. आम्ही एकही केला नाही.

आम्ही तीन पानी योजना दिली. महिन्याची जमा, महिन्याचा खर्च, तीन वर्षांत घराची कोणती दुरुस्ती लागेल. भांडणाऱ्या दोघांपैकी कुणीही नाही, तर तिसरीच व्यक्ती व्यवस्थापक. त्या दोघांची लेखी संमती. घराबद्दल ज्याचा संबंध येतो त्याने पैशांच्या निर्णयात पडायचं नाही, हेही लिहून. ही संमती मिळवायला सहा रविवार गेले. कोर्टकचेरीपेक्षा अवघड काम तेच होतं, आणि खरं काम तेच होतं.

घरचा माणूस व्यवस्थापक झाला तरी तो मोकळा नसतो. त्याच्यावर एनएसडब्ल्यू ट्रस्टीची देखरेख राहते. त्यांचं अधिकारपत्र हातात येईपर्यंत व्यवहार करायचे नाहीत, त्यात दिलेल्या मर्यादेबाहेर जायचं नाही, दरवर्षी हिशोब द्यायचा, त्यांनी मागितलं तर सिक्युरिटी बाँड द्यायचा. काकांचे पैसे आणि आपले पैसे एका खात्यात क्षणभरही नकोत. नातवंडांना काकांच्या नावाने दिवाळीची ओवाळणी द्यायची असेल, तरी अधिकारपत्रात त्याला जागा आहे का ते आधी बघायचं.

भारतातल्या मालमत्तेबद्दल एक शब्द. सिडनीच्या ऑर्डरवर पुण्यातला फ्लॅट विकता येत नाही आणि गावाकडचा सातबारा बदलत नाही. भारतात १९८७ च्या मेंटल हेल्थ अॅक्टमध्ये मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कायद्यात ती नाही. त्यामुळे अनेक कुटुंबांना राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. ते प्रकरण पूर्ण वेगळं, वकीलही तिथलाच. पण इथल्या ट्रिब्युनलला आणि व्यवस्थापकाला त्या मालमत्तेची माहिती द्या. लपवलेली जमीन नंतर बाहेर आली की तुमच्या बाकीच्या शब्दावरचाही विश्वास जातो.

फोन कुठे करायचा

एनकॅट: १३०० ००६ २२८. कायद्याची प्राथमिक माहिती, लीगल एड एनएसडब्ल्यू (पूर्वीचं लॉअॅक्सेस): १३०० ८८८ ५२९. इंग्रजीत बोलायची भीती वाटत असेल तर आधी टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषा सेवेला फोन करा, १३१ ४५०. पलीकडून भाषा विचारतील. ‘मराठी’ एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. दुभाषा लाइनवर आला की कुठल्या ऑफिसला जोडायचं ते त्यांना सांगा, आणि कारणांचं पत्र व पेन्सिल समोर ठेवूनच बोला.